घरी बनवलेल्या दोन उपकरणांचं पेटंट एकट्याने घेता येतं का? खर्च किती येतो?

तुमची उपकरणं दोन आहेत: कुकरच्या शिट्ट्या मोजून गॅस बंद करणारं एक, आणि बेल वाजली की दारात कोण आहे ते मोबाईलवर दाखवणारं दुसरं. कंपनी नसली, वकील नसला तरी अर्ज करता येतो. मात्र अर्ज दोन करा. एका पेटंटमध्ये एकच शोध बसतो.

आधी कुकर. ‘शिट्ट्या मोजून गॅस बंद करणारं यंत्र’ ही झाली कल्पना. पेटंट मिळतं ते रचनेला. नुसत्या माइकने शिट्ट्या मोजल्या तर मिक्सर लावला की मोजणी चुकते, शेजारच्या शेगडीवरचा कुकरही त्यात धरला जातो. समजा, तुम्ही माइकच्या जोडीला वाफेच्या वाटेजवळ तापमानाचा सेन्सर लावलात आणि दोन्हींकडून एकाच वेळी इशारा आला तरच शिट्टी धरलीत. तसं असेल तर ही जोडीच तुमचा पहिला क्लेम, म्हणजे ज्यावर हक्क सांगायचा तो मुद्दा. सेन्सर किती मिलिमीटरवर, किती अंशांवर इशारा धरायचा, बटण फिरवणारी मोटर कशी अडकवली, हे वर्णनात आकड्यांसकट लिहा आणि आकृतीत प्रत्येक भागाला नंबर द्या. तुम्हाला ठाऊक असलेली सर्वांत चांगली पद्धत दडवली तर पुढे त्याच मुद्द्यावर पेटंट रद्द होऊ शकतं. पण तेच आकडे पहिल्या क्लेममध्ये घालू नका. तिथे ‘१० मिलिमीटर’ लिहिलंत की १२ वर सेन्सर लावणारा सुटला.

बेलचं प्रकरण अवघड आहे. कॅमेरा, बेल, मोबाईल हे सगळं जुनंच. प्रत्येक भाग आपापलंच काम करत असेल तर पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) आडवं येतं. नुसतं अ‍ॅप असेल तर ३(के). शिवाय या वाटेवरून न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या नर्स मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन आणि त्यांचे पती केव्हाच जाऊन आलेत. अर्ज १९६६ चा, पेटंट २ डिसेंबर १९६९ चं, क्रमांक ३४८२०३७. दाराला वरखाली चार भोकं, त्यांच्यामागे सरकणारा कॅमेरा, चित्र आतल्या टीव्हीवर, बाहेरच्याशी बोलायची सोय, कुलूप दुरूनच उघडायचं. गूगल पेटंट्सवर ते पूर्ण वाचा. तुमच्याकडे त्याहून आणि त्यानंतरच्या शेकडो पेटंटांहून वेगळं काय आहे, ते एका वाक्यात सांगता येत नसेल तर या अर्जावर पैसे घालू नका.

खर्च: व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाला सरकारी फी १६०० रुपये. त्यात ३० पानं आणि १० क्लेम बसतात. पुढे दर पानाला १६० आणि दर क्लेमला ३२० रुपये. प्रयोग चालू असतील तर आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज भरा, त्यात क्लेम लागत नाहीत. मग १२ महिन्यांच्या आत पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे क्लेमसकट शोधाचं पूर्ण वर्णन द्यायचं. तपासणीची मागणी, म्हणजे फॉर्म १८, वेगळी करावी लागते. तिची फी ४००० रुपये. बरेच जण इथेच फसतात: अर्ज भरला की तपासणी आपोआप होईल असं धरून बसतात. मुदत ३१ महिन्यांची आहे, तीही प्रोव्हिजनलच्या तारखेपासून. ती चुकली की अर्ज मागे घेतला असं मानलं जातं. तपासणीचा अहवाल आला की उत्तराला सहा महिने मिळतात. महाराष्ट्र-गोव्यातले अर्ज मुंबईच्या अँटॉप हिल कार्यालयाकडे जातात.

अर्जाची पावती हातात येईपर्यंत यूट्यूबवर व्हिडिओ टाकू नका आणि नगही विकू नका. शोधाचं नावीन्य तिथेच संपतं, आणि तपासनीस तुमचाच व्हिडिओ तुमच्यासमोर ठेवतो. आणि कुकरच्या उपकरणात नवा फक्त बाहेरचा आकार असेल तर पेटंटच्या मागे लागू नका, डिझाइन नोंदवा. त्याचं संरक्षण आधी १० वर्षं, वाढवून १५.