वाढत्या अंगाचा गणवेश

प्रश्न : दोन वर्षांपासून बालगोष्टींची चित्रं काढतेय. झाडं, प्राणी बरे जमतात. मुलं मात्र छोट्या मापाची मोठी माणसं दिसतात. फोटो समोर ठेवून काढलं तरी तेच. तुम्हाला मुलं सुचतात कुठून?
– एक वाचक, सातारा

उत्तर : माझं पहिलंवहिलं चित्र मासिकात घेऊन गेले तेव्हा संपादकांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, ‘‘हे तलाठी पेरूच्या झाडावर काय करतायत?’’ रडूच आलं. पण मोठ्या माणसाला लहान मुलाचा शर्ट घालून बसवावं तसा तो पाच वर्षांचा पोरगा दिसत होता खरा.

मापाचं आधी उरकते. तान्ह्या बाळाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण चौपट, मोठ्या माणसाची साडेसात पट. आणि लहान मुलाचे डोळे डोक्याच्या मध्याच्या खाली येतात, कपाळ मोठं असतं. हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. एवढं सांभाळूनही चित्रात मूल येईलच असं नाही.

आमच्या गॅलरीखाली शाळेच्या रिक्षा थांबतात. जूनमध्ये मी चहा तिथेच घेते. नवे गणवेश सगळे ‘वाढत्या अंगाचे’! खांद्याची शिवण दंडावर, बाही कोपराखाली, चड्डी पट्ट्याने गोळा करून बांधलेली. त्या कपड्यांत मूल असतं कुठेतरी. आणि दुसरीतल्या एका मुलीच्या स्कर्टची दुमड आईने यंदा उसवली होती. वरचा स्कर्ट विटका, खाली चार बोटं पट्टी करकरीत निळी. वर्षभरात पोर केवढी वाढली ते तिथे लिहिलेलंच होतं. ती पट्टी मी आजवर तीन पुस्तकांत वापरलीय, कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

रसवंतीत बसलात तर ग्लास दोन्ही हातांनी धरणारं मूल बघा, काठावरून फक्त डोळे दिसतात. सहा वर्षांची ताई धाकट्याला कडेवर घेते तेव्हा तो घसरून तिच्या मांडीपर्यंत येतो आणि ती दुसरीकडे इतकी कलते, की बघणाऱ्याची कंबर दुखावी. दीड-दोन वर्षांचं पोर खाली पडलेलं काही उचलायला वाकत नाही, सरळ उकिडवं बसतं.

मी फोटो काढत नाही. परक्यांच्या लेकरांचे काढूही नयेत. शिवाय फोटोत सगळंच येतं, मला त्यातलं एकच हवं असतं. घरी येऊन आठवेल तेवढंच वाणसामानाच्या यादीमागे उतरवते.

तुमची गडबड चेहऱ्यापाशी होत असणार, असा माझा अंदाज. महिनाभर पाठमोरी मुलंच काढा. त्यातली चार मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. खोडलेली, डाग पडलेली चालतील.

प्रश्न : पेन्सिल कोणती वापरता?
– आणखी एक वाचक, मिरज

उत्तर : नातवाने न पळवलेली.