उंबरठ्याची उंची

पुणे

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा खर्चाचा तक्ता दोन्ही सावकाश वाचले. भोसरीत गाळा भाड्याने घेऊन चाकाच्या खुर्च्या आणि वॉकर बनवायचे, आणि खुर्चीची किंमत बाजारभावाच्या निम्म्यावर आणायची, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. तक्त्याविषयी मात्र माझी तक्रार आहे. पाइप, वेल्डिंग, पावडर कोटिंग, बेअरिंग, कापड, मजुरी असे सगळे रकाने त्यात आहेत. खुर्ची विकली गेल्यानंतरचा एकही रकाना नाही.

हीच चूक मी केली आहे, म्हणून सांगतो. आमच्या कारखान्यात एका वर्षी आम्ही पुढची आठ इंची रबरी चाके काढून पाच इंची भरीव प्लास्टिकची चाके बसवली. नगामागे चांगली बचत झाली, खुर्ची वजनाला हलकी झाली आणि कारखान्याच्या गुळगुळीत कोब्यावर ती इतकी सुरेख फिरू लागली की आम्ही पेढे वाटले. सहा महिन्यांनी मावळातल्या एका घरी मी सहज चौकशीला गेलो, तेव्हा ती खुर्ची घडी करून पडवीच्या भिंतीला टेकवलेली होती आणि त्या घरातल्या आजींना त्यांचा मुलगा पूर्वीसारखाच उचलून अंगणात आणत होता. कारण विचारले, तर त्याने बोटाने उंबरठा दाखवला. चाक जितके लहान, तितक्या कमी उंचीच्या अडथळ्याला ते अडते. आणि ते बसणाऱ्याच्या भाराच्या जितके जवळ, तितकी खुर्ची अडल्यावर पुढे कलंडण्याची भीती जास्त. हे शास्त्र तुला माझ्याहून चांगले येते, आणि खरे तर तेव्हा मलाही येत होते. मी त्या घरचा उंबरठा मोजला नव्हता, एवढेच. खडबडीत जमिनीसाठीच्या खुर्च्यांत पुढचे चाक मोठे आणि पावलांच्याही पुढे काढलेले असते, ते याचसाठी.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली आणि त्यांतील सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागातल्या होत्या. तुझी खुर्ची फर्ग्युसन रस्त्याच्या पदपथावर चालली (तो पदपथ मोकळा सापडलाच तर), म्हणून ती चालते असे समजू नकोस. चाचणीसाठी आयएसओ ७१७६ ही मानकांची मालिका आहे. तिच्यातील टिकाऊपणाच्या चाचणीत खुर्ची पट्ट्या बसवलेल्या दोन फिरत्या रुळांवर २,००,००० आवर्तने चालवतात आणि नंतर ५ सेंटीमीटर उंचीवरून ६,६६६ वेळा आपटतात. पुढच्या चाकाचा चिमटा आणि त्यावरचे वेल्डिंग यांची खरी परीक्षा तिथे होते. प्रयोगशाळेचे शुल्क जड वाटेल. तोवर निदान गाळ्यातच एक साधा रूळ उभा कर आणि मोडलेला प्रत्येक भाग जपून ठेव.

काटकसर जरूर कर, पण ती कुठे करतेस ते पाहा. क्रोमची झिलई, रंगांचे पाच प्रकार, हाताच्या टेकूवरचे नक्षीदार आवरण हे सगळे गेले तरी चालेल. मागचे चाक मात्र असे घे की त्याची ट्यूब आणि टायर तालुक्याच्या सायकलच्या दुकानात मिळेल. बेअरिंग मोटारसायकलच्या गॅरेजात मिळणाऱ्या क्रमांकाचे असू दे. पायपाट रिव्हेटने न ठोकता नटबोल्टने बसव. भोरच्या पलीकडच्या गावातून एका बेअरिंगसाठी माणसाला पुण्यापर्यंत यावे लागले, तर गाडीभाडे आणि बुडालेली दोघांची मजुरी मिळून तू वाचवलेले पैसे केव्हाच संपलेले असतात. तक्त्यात मला हवा असलेला रकाना हा.

बैठकीविषयी मी अधिकच आग्रही आहे. आपल्याकडे १८ इंच रुंदीची एकच खुर्ची सरसकट सगळ्यांना दिली जाते. लहान चणीची बाई तिच्यात एका बाजूला कलून बसते आणि सगळा भार एका हाडावर येतो. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला खालची संवेदनाच नसते. त्यामुळे जखम चिघळेपर्यंत त्याला कळतही नाही. तीन मापे आणि बरी गादी यांनी किंमत वाढेल. वाढू दे. खडकीला १९७४ पासून जायबंदी जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. रीतसर परवानगी काढून तिथे जा, आराखडा न दाखवता आधी नुसती बसून राहा आणि वर्षानुवर्षे खुर्चीत काढलेली माणसे काय सांगतात ते ऐक.

जयपूर फूट तुला ठाऊक आहेच. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला. त्या वेळच्या परदेशी धर्तीच्या कृत्रिम पावलाला बूट लागे आणि ते घालून उकिडवे बसता येत नसे. मांडी घालणारा, अनवाणी शेतात जाणारा माणूस ते काढूनच ठेवी. रबराचे लवचिक पाऊल स्वस्त होते हे खरे, पण लोकांनी ते पायात ठेवले, ते त्यांच्या बसण्याउठण्याला जमले म्हणून.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली आहेत आणि धोक्याच्या प्रमाणात त्यांचे ए ते डी असे वर्ग आहेत. तुझा माल कोणत्या वर्गात बसतो ते जाणकाराकडून लेखी घे. सरकारी निविदांत मात्र जपून. तिथे बहुधा सर्वांत कमी दराला काम मिळते, आणि त्या दरासाठी पहिला बळी पुढच्या चाकाचाच जातो. सूक्ष्म व लघु उद्योगांची देयके ४५ दिवसांत चुकती करावीत असे २००६ चा कायदा सांगतो. तरी पगारासाठी सहा महिन्यांचे पैसे हाताशी ठेवूनच निविदा भर.

नमुना तयार झाला की शनिवारी घेऊन ये. माझ्या घराला जुना, चार इंची उंबरठा आहे. तुझी काकू खुर्चीत बसायला तयार आहे, फक्त ढकलणारे तू आण.

कळावे,
तुझा काका