उंदरांची आठवण परत आली, मग सासऱ्यांची येईल का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत. वर्षभर झालं विसरतात, हिशोब चुकतात, रोजच्या रस्त्यावर गोंधळतात. एमआरआयमध्ये मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब निघाल्या, व्हॅस्क्युलर डिमेन्शिया, म्हणजे मेंदूला रक्त कमी पडून होणारा विसरण्याचा आजार आहे म्हणाले. बीपी आहे पण बरं वाटलं की गोळी सोडून देतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं की मीठ बंद केल्यावर उंदरांची आठवण परत आली, म्हणून आठ दिवस त्यांचं मीठ पूर्ण तोडलंय, चिमूटभर सैंधव तेवढं देतो. आता ते धड जेवतही नाहीत. बरोबर करतोय ना? – एक सून, सांगली

उत्तर: ताई, आधी त्यांना पोटभर जेवू द्या, भाजी-आमटीत बेताचं मीठ घालून. या वयात, त्यात बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर, खाणं आणि मीठ दोन्ही तुटल्यावर रक्तातलं सोडियम उतरू शकतं आणि सोडियम उतरलं की माणूस अजून गोंधळतो, म्हणजे तुम्हाला वाटणार डिमेन्शिया वाढला. आणि सैंधव म्हणजे पण मीठच हो, त्यातही सोडियम असतंच.

तो प्रयोग मात्र खरा आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल या मेडिकल कॉलेजमध्ये कॉस्टँटिनो इयाडेकोला या संशोधकांच्या टीमचा, २०१८चा. उंदरांना नेहमीच्या ८ ते १६ पट मीठ काही आठवडे खायला घातलं, तर मेंदूच्या बाहेरच्या थरातला रक्तपुरवठा साधारण २८ टक्क्यांनी घटला, उंदरांना नवी वस्तू ओळखू येईना, घरटंसुद्धा नीट बांधता येईना. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांचं बीपी वाढलेलंच नव्हतं! जास्त मिठाने आतड्यातल्या प्रतिकारपेशी चाळवल्या, त्यांनी सोडलेलं रसायन रक्तातून मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरापर्यंत गेलं आणि तिथे वाहिनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी बनायला लागलं. पण फॉरवर्डमध्ये चूक झालीय ती इथे: उंदरांचं मीठ बंद केलं नव्हतं, त्यांना नेहमीच्या खाण्यावर परत आणलं होतं, तेव्हा ते सुधारले. शिवाय त्यांचा त्रास काही आठवड्यांचा, सासऱ्यांच्या रक्तवाहिन्यांनी कित्येक वर्षांचं बीपी सोसलंय, जो भाग रक्ताविना मेला तो परत येत नाही. खोटी आशा मी देणार नाही.

उरलेला मेंदू सांभाळता येतो, आणि त्यासाठी मिठापेक्षा मला त्या सोडलेल्या गोळीची जास्त काळजी वाटते. अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड या ९ हजारांवर माणसांच्या अभ्यासात (२०१९) वरचं बीपी १४०ऐवजी १२०च्या खाली ठेवायचं धरलं, तर स्मरणशक्तीची सौम्य घसरण १९ टक्क्यांनी कमी दिसली, डिमेन्शियाबद्दल मात्र ठाम निकाल लागला नाही. त्यात डायबेटिस किंवा आधी स्ट्रोक झालेले लोक घेतले नव्हते, म्हणून १२० हा आकडा सासऱ्यांना आपल्या मनाने लावू नका, त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

गोळी तुम्ही स्वतः हातात द्या, विसरणाऱ्या माणसावर ते सोडू नका. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सपाट चहाचा चमचा, त्यासाठी लोणचं, पापड, फरसाण काढलं तरी बरंच कमी होतं. पोटॅशियमवालं 'लो सोडियम' मीठ किडनीची तपासणी केल्याशिवाय आणू नका. आणि सोडियमची टेस्ट उद्या सकाळीच करून घ्या, जास्त झोपाळू किंवा बरळल्यासारखे वाटले तर आजच दवाखान्यात न्या.