घड्याळ थांबवा, खेळ नव्हे

प्रश्न : मी सहावीला गणित शिकवते. वर्गात मोठा स्पर्शपडदा आल्यापासून धड्याच्या शेवटी प्रश्नमंजुषेचा खेळ घेते. मुले रंगून जातात, पण आठवड्याने तेच अपूर्णांकांचे प्रश्न वहीत सोडवायला दिले की अनेकांचा गोंधळ उडतो. काही मुले तर प्रश्न न वाचताच कोणताही पर्याय दाबतात. हा खेळ बंद करावा का?

उत्तर : खेळ बंद करू नका, त्यातले घड्याळ तेवढे बंद करा. अशा बऱ्याच खेळांत लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. त्यामुळे विचाराला वेळ घेणारे मूल उत्तर बरोबर असूनही मागे पडते आणि असे वारंवार घडले की प्रश्न वाचण्याचेच सोडून देते. तुमची ती मुले बेफिकीर आहेत, असे मला वाटत नाही. हरणार हे आधीच ठाऊक असेल, तर त्यांनी जीव तोडून विचार का करावा?

त्याहून महत्त्वाचे आहे ते उत्तरे आल्यानंतरचे काम. ‘१/३ आणि १/४ यांत मोठा कोणता?’ असे विचारले, की चार तीनपेक्षा मोठे म्हणून बरीच मुले १/४ निवडतात. पडद्यावर ही विभागणी दिसताच पुढच्या प्रश्नाकडे जाऊ नका आणि बरोबर उत्तरही लगेच सांगू नका. शेजारच्याला आपले उत्तर पटवून द्यायला सांगा आणि मग पुन्हा मत घ्या. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून ही पद्धत वापरली. एकच पोळी तिघांत वाटली तर वाट्याला जास्त येईल की चौघांत, हे एका मुलाने दुसऱ्याला समजावताना होणारे शिकणे नुसत्या गुणफलकाने होत नाही.

नवा खेळ निवडताना त्यातली प्रत्येक चाल गणिताचीच आहे का, हे पाहा. बरोबर उत्तराला रॉकेट उडत असेल, तर मुलांचे लक्ष रॉकेटकडे जाते. ० ते १ च्या संख्यारेषेवर ३/८ स्वतः सरकवून ठेवायचे असेल, तर ते अर्ध्याच्या अलीकडे की पलीकडे, हा विचार केल्यावाचून खेळताच येत नाही. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ (PhET) या संगणकीय शैक्षणिक साधनांच्या प्रकल्पात अशी अपूर्णांकांची साधने विनामूल्य मिळतात.

बक्षिसांबाबत मात्र हात आखडताच ठेवा. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात, ज्या बालकांना चित्र काढण्याबद्दल प्रमाणपत्र आधीच कबूल केले होते, ती पुढे मोकळ्या वेळेत चित्रांकडे कमी वळली.

आणि हो, खेळ धड्याच्या शेवटीच घ्यायला हवा असे नाही. आज शिकवलेल्यावरचे दोन-तीन प्रश्न पुढच्या आठवड्याच्या तासाला सुरुवातीलाच विचारा. विसरू लागलेली गोष्ट प्रयत्नाने आठवावी लागली, की ती अधिक टिकते.