जँगोच्या ओआरएमखाली मोंगोडीबी लावला तर मॉडेलं तशीच ठेवून चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा: पोस्टग्रेस या टेबलांच्या डेटाबेसवर चालणारी जँगोची (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) मॉडेलं, म्हणजे डेटाचा आकार सांगणारे क्लास, तयार आहेत, वरून मोंगोडीबी (टेबलांऐवजी डॉक्युमेंटं साठवणारा डेटाबेस) वापरायचा आदेश आलाय, तर ओआरएम (क्लासमधून डेटाबेसशी बोलणारा थर) तोच ठेवून सेटिंग्जमधलं इंजिन बदललं की भागेल का?

पहिल्या दिवशी भागेल. रेकॉर्ड जाईल, दिसेल, डेमो होईल. म्हणूनच "ओआरएम आहे ना, डेटाबेस बदलणं एका ओळीचं काम" हे वाक्य टिकून आहे. या वाक्याशी मी मीटिंगमध्ये भांडलो आहे आणि आजही भांडेन, तेव्हा उत्तर लांबेल.

ओआरएम नुसतं एसक्यूएल (टेबलांच्या डेटाबेसची भाषा) लिहून देत नाही. खालचा डेटाबेस जॉइन करेल (टेबलं जोडून वाचेल), फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्याकडे जाणारा दुवा) सांभाळेल आणि चार टेबलांतले बदल एकतर सगळे ठेवेल नाहीतर सगळे मागे घेईल, हे त्याने गृहीत धरलेलं असतं. ही गृहीतकं मॉडेलच्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेली नसतात, त्यामुळे इंजिन बदलणाऱ्याला ती दिसत नाहीत.

माझं भांडण ज्या कामावर झालं तेच उदाहरण घेतो: मार्केट यार्डातल्या अडत्याची हिशोबपट्टी. शेतकऱ्याच्या कांद्याचा लिलाव झाला की त्याला पट्टी मिळते. वर नाव, गाव, गाडी नंबर. मध्ये ओळी: किती डाग (पोती), किती वजन, काय भाव. खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा आणि शेवटी हातात पडणारी रक्कम. पोस्टग्रेसमध्ये याची चार टेबलं होती: शेतकरी, पट्टी, ओळ, कपात. इंजिन बदललं आणि त्याच चार टेबलांची चार कलेक्शनं (मोंगोत डॉक्युमेंटांचे गठ्ठे) झाली. मोंगो घेण्याचं सगळ्यात मोठं कारण इथेच संपलं, कारण पट्टी हे मुळात एक डॉक्युमेंट, म्हणजे आत याद्याही मावतील अशी एकसंध नोंद, आहे आणि आपण ते चार ठिकाणी फाडून ठेवलं.

आता काय काय बिघडतं ते बघा. हे सगळं जोंगो या लायब्ररीवर झालं. नाव जँगोसारखं असलं तरी ती वेगळी आहे. जँगो आधी एसक्यूएल तयार करतो, जोंगो तो मजकूर पुन्हा वाचून तुकडे पाडते आणि त्यातून मोंगोची क्वेरी बांधते. म्हणजे भाषांतराचं भाषांतर. जँगो ३ पासून बुलियन (हो/नाही) फील्डवर फिल्टर लावला की व्हेअर या अटीच्या भागात नुसतं कॉलमचं नाव येतं, "बरोबर ट्रू" येत नाही. जोंगोला ते कळत नाही आणि एसक्यूएल डीकोड एरर येते. मग लोक "इन" लावून एकाच घटकाची यादी देतात, आणि सगळ्या कोडभर हे ठिगळ पसरतं. पायमोंगो (मोंगोशी जोडणारी पायथन लायब्ररी) ४ वर नेलं की जोडणीच मोडते, त्यामुळे ३.१२ वर अडकून बसावं लागतं. पण हे त्रास निदान लगेच दिसतात. न दिसणारे वाईट.

सगळ्यात वाईट म्हणजे अर्धी पट्टी. व्ह्यूमध्ये (विनंती हाताळणाऱ्या कोडमध्ये) अॅटॉमिक, म्हणजे सगळे बदल एका ट्रान्झॅक्शनमध्ये, पूर्ण किंवा अजिबात नाही, असं सांगणारं, लावलेलं आहे, त्यात पट्टी सेव्ह होते, मग पाच ओळी, मग तीन कपाती. तिसऱ्या ओळीनंतर प्रोसेस मेली. पोस्टग्रेसमध्ये काहीच उरलं नसतं. इथे पट्टी उरली, तीन ओळी उरल्या, कपाती शून्य. एररही नाही. छापलेल्या पट्टीवर शेतकऱ्याचा माल कमी दिसला तेव्हा कळलं. मोंगोडीबीत एकाहून जास्त डॉक्युमेंटांचे ट्रान्झॅक्शन ४.० पासून, म्हणजे २०१८ पासून आहेत, पण त्यांना रेप्लिका सेट (डेटाच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांचा गट) लागतो. एकटा मोंगोडी (मोंगोचा सर्व्हर प्रोग्राम) सुरू करून लॅपटॉपवर काम करणाऱ्याला ते मिळतच नाहीत. शिवाय ट्रान्झॅक्शनला मुळात ६० सेकंदांची मर्यादा असते. उलट एका डॉक्युमेंटवरचं लिखाण कायमच पूर्ण होतं किंवा अजिबात होत नाही. पट्टी एका डॉक्युमेंटमध्ये असती, ओळी आणि कपाती आत यादी म्हणून असत्या, तर ट्रान्झॅक्शनचा प्रश्नच उठला नसता.

दुसरं, पट्टीचा क्रमांक. मोंगोत आपोआप वाढणारा आकडा नाही. आयडी म्हणून १२ बाइटचा ऑब्जेक्ट आयडी येतो, जो २४ अक्षरांचा दिसतो. तोच वापरला तर यूआरएलमध्ये जिथे पूर्णांक मागितलाय तिथे सगळे दुवे तुटतात, ते एक वेळ दुरुस्त करता येईल. पण अडत्याला १, २, ३ असाच क्रम हवा. "शेवटचा क्रमांक काढा आणि एक मिळवा" असं लिहिलं की दोन क्लार्क एकाच क्षणी पट्टी करतात आणि दोघांना ४१२ मिळतो. यासाठी काउंटरचं वेगळं कलेक्शन ठेवा, पेढी आणि आर्थिक वर्षामागे एक डॉक्युमेंट. त्यावर "फाइंड वन अँड अपडेट" ही क्रिया आकडा वाढवणाऱ्या "इंक"सकट चालवा, अपसर्ट (डॉक्युमेंट नसेल तर नवं बनवणं) चालू ठेवा आणि बदलानंतरची किंमत परत मागा. वर पेढी, वर्ष, क्रमांक या तिघांचा मिळून युनिक इंडेक्स टाका, म्हणजे कोडमध्ये चूक राहिली तरी ई११००० ही डुप्लिकेटची एरर येऊन थांबेल. एखादी पट्टी अर्ध्यात सोडली तर क्रमांकात खड्डा पडतो; तो "रद्द" अशी नोंद करून भरायचा.

युनिकवरून आठवलं. पोस्टग्रेसमध्ये युनिक कॉलममध्ये कितीही नल (रिकाम्या किमती) चालतात. मोंगोचा साधा युनिक इंडेक्स नल आणि नसलेलं फील्ड ही एकच किंमत धरतो, म्हणून मोबाइल नसलेला दुसरा शेतकरी नोंदवायला गेलात की डुप्लिकेट म्हणून नाकारला जातो. पार्शल इंडेक्स (अट पाळणाऱ्या डॉक्युमेंटांपुरताच इंडेक्स) करा, अट अशी की मोबाइलचा प्रकार स्ट्रिंग असेल तरच.

तिसरं, पैसे. पायथनचा डेसिमल पायमोंगो सरळ घेत नाही, "एन्कोड करता येत नाही" म्हणून अडतो. घाईत त्याचा फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) करणारे बघितलेत. तसं करू नका. मोंगोचा अचूक दशांशाचा प्रकार डेसिमल१२८ वापरा किंवा पैसे पूर्णांकात ठेवा. १२३५ किलो कांदा, भाव क्विंटलला १८५० रुपये: १२३५ गुणिले १,८५,००० पैसे भागिले १०० म्हणजे २२,८४,७५० पैसे, म्हणजे २२,८४७ रुपये ५० पैसे. कुठेही अपूर्णांक साठवावा लागला नाही.

चौथं, तारीख. बीएसओएनमध्ये (मोंगो डॉक्युमेंट साठवतो त्या स्वरूपात) नुसती तारीख हा प्रकार नाही, वेळेसकट तारीख असते आणि ती यूटीसीत. १ एप्रिलची मध्यरात्र भारतीय वेळेनं साठवली की आत ३१ मार्च, १८:३० असं बसतं. अॅग्रिगेशनमध्ये (मोंगोच्या गट-बेरजेच्या क्वेरीत) दिवसानुसार गट पाडताना टाइमझोन एशिया/कोलकाता दिला नाही, तर त्या दिवसाची पट्टी मागच्या आर्थिक वर्षात जाते. मी अशा ठिकाणी "२०२४-०४-०१" अशी स्ट्रिंगही शेजारी ठेवतो. क्रमही बरोबर लागतो आणि वादही होत नाही.

आणि एकमेकांवर लिहिणं. मालक एका मशीनवर भाव सुधारतोय, क्लार्क दुसऱ्यावर हमाली. ओआरएमचा सेव्ह सगळी फील्डं लिहितो, त्यामुळे जो नंतर सेव्ह करतो त्याच्याकडची जुनी किंमत पहिल्याची दुरुस्ती पुसून टाकते. मोंगोच्या "सेट"ने नुसतं बदललेलं फील्ड लिहिलं तरी एकूण रक्कम चुकते, कारण ती दोन्हींवर अवलंबून आहे. डॉक्युमेंटमध्ये आवृत्ती नावाचं फील्ड ठेवा. अपडेटच्या अटीत आयडी आणि वाचताना मिळालेली आवृत्ती, समजा ७, दोन्ही द्या आणि त्याच अपडेटमध्ये आवृत्ती एकने वाढवा. बदललेली डॉक्युमेंटं शून्य आली तर मध्ये कोणीतरी लिहून गेलंय: पुन्हा वाचा, पुन्हा हिशोब करा, पुन्हा लिहा.

मग आकार कसा ठरवायचा? जे एकत्र वाचलं आणि एकत्र लिहिलं जातं ते एका डॉक्युमेंटमध्ये. ओळी, कपाती पट्टीच्या आत. शेतकऱ्याचं नाव आणि गाव पट्टीत कॉपी करा, सोबत त्याचा आयडी. याला पुनरावृत्ती म्हणून नाकं मुरडू नका: उद्या नावातली चूक दुरुस्त झाली तरी काल दिलेला कागद बदलायला नको. मोबाइल मात्र कॉपी करू नका, तो नेहमी ताजाच हवा. आणि शेतकऱ्याच्या डॉक्युमेंटमध्ये त्याच्या सगळ्या पट्ट्या कोंबू नका. डॉक्युमेंटची मर्यादा १६ एमबी आहे, आणि तिथवर पोचायच्या खूप आधी ते जड होतं. ५० पट्ट्यांच्या पानाला जुन्या रचनेत, प्रीफेच (संबंधित नोंदी आधीच एकदम मागवणं) विसरलात तर, १ अधिक ५० गुणिले ३ अशा १५१ क्वेरी जातात. प्रीफेच विसरणं हा मोंगोचा दोष नाही, पण नव्या रचनेत विसरायलाच काही नाही, क्वेरी एकच. पेढी आणि तारीख यांवर इंडेक्स टाका आणि एक्स्प्लेनमध्ये (क्वेरी कशी चालली ते सांगणाऱ्या अहवालात) तपासलेली व परत आलेली डॉक्युमेंटं यांचे आकडे जवळपास सारखे येतात का बघा. कॉलस्कॅन (अख्खं कलेक्शन चाळणं) दिसला तर इंडेक्स लागलेला नाही.

आता राहिलेल्या अटी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. मोंगोडीबीने स्वतः काढलेलं जँगो बॅकएंड २०२५ मध्ये आलं. ते एसक्यूएलच्या वाटेला न जाता थेट अॅग्रिगेशन पाइपलाइन बनवतं आणि त्यात एम्बेडेड मॉडेलचं फील्ड आहे. नवीन काम असेल तर जोंगोकडे बघूही नका, हे घ्या. पण तिथेही जँगोचं नेहमीचं अॅटॉमिक काहीच करत नाही; त्यांच्या मॉड्यूलमधलं वेगळं अॅटॉमिक आयात करावं लागतं. जुना कोड तसाच राहिला तर अर्धी पट्टी पुन्हा होणार. जँगोची सक्ती नसेल तर मोंगोइंजिन किंवा बीनी यांसारखा डॉक्युमेंटांसाठीच लिहिलेला मॅपर घ्या. मोंगोइंजिनमध्ये रेफरन्सवरचं कॅस्केड डिलीट (एक नोंद उडवली की तिच्याशी जोडलेल्याही उडवणं) पायथनमध्ये होतं, मोंगोच्या शेलमधून कोणी काही उडवलं तर ते चालत नाही, एवढं ध्यानात ठेवा. जावावाल्यांनी हायबरनेट ओजीएम (त्यांच्या ओआरएमची अशा डेटाबेसांसाठीची आवृत्ती) करून हाच प्रयोग केला होता; ५.४ च्या मालिकेनंतर ते काम थांबलं.

आणि तुमची मॉडेलं खरोखर टेबलांसारखी असतील, रिपोर्ट सतत नव्या जॉइनने मागितले जात असतील, तर पोस्टग्रेसवरच राहा. बदलत्या आकाराच्या तेवढ्या भागासाठी जेसनबी (आत हवं तसं जेसन साठवणारा) कॉलम आहे, तो ९.४ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे. जँगोचं जेसन फील्ड तेच वापरतं.

आदेश देणारे तरीही "एकच ओळ बदलायची आहे" म्हणत असतील तर त्यांच्यासमोर पाच ओळींची पट्टी सेव्ह करायला लावा, तिसऱ्या ओळीनंतर कोडमध्ये मुद्दाम एक्सेप्शन फेका आणि चारही कलेक्शनांत किती डॉक्युमेंटं उरली ते मोजून दाखवा.