पिल्लांना पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक, आणि धडधाकट शेळ्या रातोरात मेल्या: दोन प्रश्नांची उत्तरं

नमस्कार मंडळी. या आठवड्यात दोन फोन आले, एक कोंबडीवाल्या ताईंचा आणि एक शेळीवाल्या दादांचा. नुकसान वेगवेगळं दिसतंय पण दोन्हीचं मूळ जनावराच्या आतड्यातल्या जंतूंमध्येच आहे, म्हणून एकत्रच लिहितोय.

ताईंचा प्रश्न असा: "सर, कावेरीची 200 पिल्लं आणली, दुकानदार म्हणाला पहिले पाच दिवस ही अँटिबायोटिक पावडर पाण्यातून द्या म्हणजे मर होत नाही, तशी दिली, तरी दुसऱ्या आठवड्यात हगवण लागून 30-35 पिल्लं गेली. औषध देऊन पण कशी गेली?"

ताई, त्यातली काही त्या औषधापायीच गेली असावीत असं मला वाटतं, आणि का ते जरा सविस्तर सांगतो कारण ही पद्धत सगळीकडे पडलीय.

खुडूक कोंबडीखाली पिल्लू निघालं की ते पहिल्या दिवसापासून आईच्या मागं उकिरडा उकरतं, तिच्या विष्ठेत चोच घालतं, आणि तिच्या आतड्यातले चांगले जंतू आपोआप त्याच्या पोटात जाऊन बसतात. मशीनमधल्या पिल्लाला आईच नसते. त्याचं आतडं म्हणजे नांगरून मोकळं टाकलेलं रान, तिथं ज्याचं बी आधी पडेल ते माजणार, मग ते साल्मोनेला या हगवण लावणाऱ्या जंतूचं का असेना. फिनलंडमध्ये 1971 साली ब्रॉयलरमध्ये साल्मोनेलाची मोठी साथ आली होती, तेव्हा एस्को नुर्मी आणि रांताला या दोन संशोधकांनी मोठ्या निरोगी कोंबड्याच्या आतड्यातला मळ पातळ करून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना पाजला आणि मग मुद्दाम साल्मोनेला दिला, तर ज्यांना मळ पाजला होता त्यातल्या बहुतेक पिल्लांत तो टिकलाच नाही. 1973 ला हे छापून आलं. कारण सरळ आहे, चांगले जंतू आतड्याची जागा अडवतात, तिथलं खाणं आधी संपवतात, आणि सीकम म्हणजे आतड्याच्या शेवटाकडच्या त्या दोन पिशव्या असतात ना, तिथं असली आम्लं तयार करतात की साल्मोनेलाला वाढायला अवघड जातं.

आता हीच राखण आपण औषधानं उठवली तर काय होतं ते त्याच्याही आधी अमेरिकेत उंदरांवर बघितलं गेलंय, 1954 च्या सुमारास. साध्या उंदराला आजारी पाडायला साधारण लाखभर साल्मोनेला जंतू लागायचे, पण आधी स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक पाजलेल्या उंदराला दहाच्या आत जंतू पुरले! म्हणजे ताई, तुमच्या पिल्लांच्या पोटात जी राखण नुकती बसायला लागली होती ती पावडरीनं गेली, आणि पावडर बंद झाल्यावर लिटरमधून म्हणजे खाली अंथरलेल्या तुसातून, पाण्याच्या भांड्यातून जे काही पोटात गेलं त्याला मोकळं रान मिळालं.

तरीपण मेलेलं पिल्लू बघितल्याशिवाय मी पक्कं सांगणार नाही. पांढरी हगवण असेल तर तो रोग अंड्यातूनच येतो, म्हणजे दोष हॅचरीकडचा, आणि रक्ती हगवण म्हणजे कॉक्सी, त्याचं औषध वेगळं. कॉक्सीनं आतड्याला जखमा झाल्या की तिथं क्लोस्ट्रिडियम नावाचा जंतू पण घुसतो, एकाच्या मागं दुसरा. म्हणून ताजी मेलेली दोन-तीन पिल्लं पिशवीत बांधून लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

पुढच्या बॅचला पहिल्या दिवशी स्वच्छ पाणी, गूळ चालेल, ब्रूडरमध्ये म्हणजे पिल्लांच्या उबेच्या जागेत 35 अंशाच्या आसपास ऊब, तूस कोरडं, आणि डॉक्टरनं सांगितल्याशिवाय अँटिबायोटिक नाही. प्रोबायोटिक म्हणजे चांगल्या जंतूंची पुडी द्यायची तर पहिल्या दिवसापासूनच द्या, पण एकदोन जातींच्या पुडीकडून आईच्या पोटातल्या शेकडो जातींचं काम होईल अशी आशा धरू नका. आणि फिनलंडचं वाचून कुणी घरच्या कोंबडीची विष्ठा पाजायला जाऊ नका, त्यातून भलताच रोग येईल. अजून एक, त्या पावडरीच्या पाकिटावर कोलिस्टिन लिहिलंय का बघा, 2019 पासून आपल्या देशात कोंबड्या-जनावरांना ते द्यायला बंदी आहे, माणसाच्या शेवटच्या उपचाराचं औषध आहे ते, अशी पावडर असेल तर दुकानदाराला परत करा.

आता दादांचा प्रश्न: "चांगल्या धष्टपुष्ट तीन उस्मानाबादी शेळ्या, रात्री चांगल्या होत्या, सकाळी मेलेल्या. पाऊस झाल्यावर दोनच दिवस बांधावर सोडल्या होत्या. शेजाऱ्यानं काही घातलं असेल का?"

दादा, तुमचं दुःख कळतं, एका रात्रीत हजारोंचं नुकसान झालंय. पण मला हा आंत्रविषार वाटतो. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स टाइप डी नावाचा जंतू निरोगी शेळीच्या आतड्यात पण थोडाफार असतो, बाकीचे जंतू आणि आतड्याची हालचाल त्याला दाबून ठेवतात. उपाशी जनावर एकदम कोवळ्या लुसलुशीत गवतावर पडलं, किंवा काढणीनंतर रानात पडलेली ज्वारीची कणसं खाल्ली, की न पचलेला पिठूळ भाग पुढं सरकतो, हा जंतू त्यावर बेसुमार वाढतो आणि विष सोडतो, आणि शेळीचाच पाचक रस त्या विषाला धार लावतो. मग ते रक्तात जाऊन मेंदूपर्यंत पोचतं, जनावर चक्कर खाऊन पडतं, मान मागं टाकून पाय झाडतं, काही वेळा हगवण दिसते, काही वेळा काहीच दिसत नाही. जास्त खाणारी, अंगानं चांगली तीच आधी जातात.

लग्नातला उरलेला भात-पोळ्या घातल्यावर जनावर आजारी पडतं त्यातही जंतूंचाच तोल बिघडतो, कोटीपोटात म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात आम्ल करणारे वाढतात आणि बाकीचे मरतात. तिथं डॉक्टर कधीकधी निरोगी जनावराच्या कोटीपोटातलं पाणी काढून पाजतात, जंतू परत बसवायला.

उपचाराला वेळ मिळत नाही, म्हणून आंत्रविषाराची लस दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी घ्यायची. पहिल्यांदाच टोचत असाल तर साधारण 14 दिवसांनी दुसरा डोस लागतो, आणि तो बरेच जण चुकवतात. गाभण शेळीला व्यायच्या महिनाभर आधी टोचली तर चिकातून करडाला पण संरक्षण मिळतं. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. उरलेल्या शेळ्यांना उद्याच दवाखान्यात दाखवून लस घ्या, आणि तोवर सकाळी पोटभर कडबा खाल्ल्याशिवाय कळप हिरव्यावर सोडू नका.

शेजाऱ्याबद्दल काही बोलायच्या आधी पोस्टमॉर्टेम करून घ्या, आणि मेल्यावर काही तासांच्या आत, कारण हे जंतू मेलेल्या जनावरात पण वाढतात आणि उशीर झाला की काही कळत नाही. फक्त नाकातोंडातून काळं रक्त आलेलं असेल तर अजिबात हात लावू नका, कातडी काढू नका, ती काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते आणि ती माणसाला होते, तेव्हा आधी डॉक्टरांना फोन करा.