पहिल्या वर्षाचे सण होतीलच, आधी लग्नाची नोंद करा

ताई, तुमचं सगळं वाचलं. यंदा अक्षय तृतीयेला लग्न झालं, लगोलग अधिक महिना आला म्हणून माहेरी धोंड्याच्या जेवणाची घाई, पुढे आखाड, पोळा, महालक्ष्म्या, दिवाळसण. जवायाला केव्हा काय द्यायचं हे तुम्ही विचारलंत आणि शेवटी एका ओळीत, 'आधारवर नाव आताच बदलून टाकू का?' ती ओळ वाचली आणि राहवलं नाही.

नका बदलू. लग्नाचा दाखला हातात येऊन त्यातलं अक्षर न् अक्षर जुळवून पाहत नाही तोवर तर नकोच.

आमच्या नोंदणीचे कागद पूर्ण होते. अर्ज बरोबर, आधारच्या प्रती बरोबर, तिन्ही साक्षीदार हजर. दाखला तयार करणाऱ्यानं ह्यांच्या आडनावात इंग्रजीत डब्ल्यूच्या जागी व्ही टाकला. आम्ही तिथल्या तिथे दाखवलं. 'एका अक्षरानं काही अडत नाही, अडलं तर या, करून देऊ,' असं उत्तर मिळालं. घरात घाई होती, रेशन कार्डावर नाव चढवायचं होतं, म्हणून त्याच दाखल्यावर माझं आधार बदललं गेलं. म्हणजे नवऱ्याचं आडनाव एक आणि बायकोचं दुसरं. बँकेचं खातं अजून माहेरच्या नावाचं. दुरुस्तीला कचेरीत गेलो की खालचे म्हणायचे हे वरून होते, वरचे म्हणायचे ज्यांनी दाखला दिला त्यांनाच विचारा. लेखी कोणीच काही देईना. आखाडात माहेरी होते तेव्हा गेले, पोळ्याला गेले, महालक्ष्म्यांच्या आधी गेले. दिवाळसणाला आलेले हे पाहुणचार सोडून सकाळपासून त्या दारात उभे होते. 'साहेब मिटिंगला गेले' हे वाक्य अजूनही कानात बसलं आहे.

याची खरी झळ लागली ती मला दिवस गेल्यावर. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत 5000 रुपये मिळतात, पहिला हप्ता 3000 चा आणि दुसरा 2000 चा. पैसा आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. आशाताईनं फॉर्म वेळेवर भरला होता. बँक म्हणे खात्यावरचं नाव आधारसारखं करा, त्यासाठी लग्नाचा दाखला आणा. आणि चुकलेला तर दाखलाच. गरोदरपणात खाण्यापिण्याला म्हणून जो पैसा असतो, तो माझ्या हाती बाळ पाळण्यात आल्यावर पडला. तोवरची सोनोग्राफी, टॉनिक, सगळं माझ्या बापानं उसनवारी करून केलं. एका अक्षरापायी. त्याचा राग माझा आजही गेलेला नाही आणि जाऊही नये असं वाटतं.

आणखी एक लक्षात घ्या. आधारवरचं नाव जन्मात दोनदाच बदलता येतं. माझी एक खेप त्या व्हीमध्ये वाया गेली. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. जातीचा दाखला, शाळेचे कागद माहेरच्याच नावाचे राहतात. पुढे नोकरीचा किंवा शिक्षणाचा विचार असेल तर माहेरचं नाव ठेवणं जास्त सोपं, हे माझं स्पष्ट मत. सासूबाईंना वाईट वाटेल, पण समजावून सांगितलं तर ऐकतात. लग्नाच्या दाखल्यानं नवरा-बायको असल्याचं सिद्ध होतं, त्याला आडनाव लागत नाही.

नोंदणीची मुदत लग्नापासून 90 दिवस. तुमच्या अक्षय तृतीयेपासून, म्हणजे 19 एप्रिलपासून मोजलं तर 18 जुलैला संपते, म्हणजे नेमका आखाड लागताना, जेव्हा तुम्ही माहेरी निघालेल्या असाल. उशीर झाला तरी नोंद होते, जास्तीचं शुल्क पडतं आणि बोलणी ऐकावी लागतात. साक्षीदारांच्या आणि भटजींच्या सह्या लागतात. लग्नातले मामे-मावसे एकदा पुण्या-सुरतेला कामावर गेले की सहीसाठी सापडत नाहीत, म्हणून धोंड्याच्या जेवणाला जमतील तेव्हाच सह्या आणि त्यांच्या आधारच्या प्रती घेऊन ठेवा. दाखल्यावर सही-शिक्का होण्याआधी मसुदा मागा आणि मराठी-इंग्रजी दोन्ही नावं आधार समोर ठेवून वाचा. ते वैतागले तरी वाचा.

आता सणांचं. रीत घराघरात वेगळी, त्यामुळे माझं सांगणं म्हणजे आमच्या यवतमाळकडच्या कुणबी घरातलं समजा. अधिक महिना 32-33 महिन्यांनी येतो, याआधी 2023 च्या श्रावणात होता. त्यामुळे पहिल्याच वर्षी धोंडा आला की माहेरावर एक खर्च वाढतो. 33 अनारसे, वाण, जवायाला कपडे एवढं पुष्कळ झालं. चांदीचं ताट वगैरे लोक आताशा दाखवायला लागले आहेत, त्याच्या मागे लागू नका. मृगाच्या तोंडावर बापाला बियाणं-खत घ्यायचं असतं. आखाडापासून महालक्ष्म्यांपर्यंत आपल्याकडे कोणाच्याच हातात पैसा नसतो, सोयाबीन निघते दसऱ्याच्या आसपास आणि पऱ्हाटीची सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा, त्याच्यानंतर. म्हणून मोठं काही द्यायचंच असेल तर संक्रांतीला द्यावं, तोवर कापूस घरात आलेला असतो. दिवाळसणाला अंगठी किंवा गाडी 'मागितली' जात असेल तर तो सण राहत नाही, हुंडा होतो, आणि हुंडा मागणं 1961 पासून गुन्हा आहे. हे नवऱ्यानं आपल्या घरात बोलावं, सुनेनं नाही.

आखाडात माहेरी जायचं कारण म्हातारी माणसं सांगतात की तेव्हा दिवस गेले तर बाळंतपण ऐन चैत-वैशाखात येतं. आपल्याकडचा उन्हाळा पाहता मला ते पटतं. पण महिनाभर रडत बसू नका, माहेरच्या रेशन कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला याच महिन्यात काढून घ्या. तो नसला तर सासरी नाव चढत नाही. महालक्ष्म्या सासरी बसत असतील तर मात्र त्या तीन दिवसांत दुसरं कुठलंच काम ठेवू नका. आंबील, सोळा भाज्या, फुलोरा हे हाताखाली राहूनच शिकता येतं.

मी वकील नाही, नियम बदलतात, तुमच्या ग्रामपंचायतीत एकदा विचारून घ्या. पण कुठेही अर्ज दिला, दुरुस्तीचा असला तरी, की तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. लग्नाची नोंद लोकसेवा हक्क कायद्यात येते, हा कायदा 2015 चा. पोच असली तर काम करून देण्याची त्यांची मुदत संपल्यावर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. आमच्याजवळ ती नव्हती, कारण मागितली तेव्हा 'पोच कशाला, आम्ही कुठे पळून चाललो' म्हणाले होते. तुम्हाला असं म्हणाले तर दोन प्रती करा, एक द्या आणि दुसरीवर सही होईपर्यंत खिडकी सोडू नका.